‘नदीपे नक्को जाव’ म्हणून झालं, पुढे काय?

शिरूरला आमच्या घरी मे महिन्यात रोज एक तपासणी व्हायची. दुपारी बाहेरून आलो की अम्मी हात पुढे करायला लावायची आणि मनगटाच्या वर नखाने रेघ ओढायची. रेघ पांढरी उमटली की पोरगं नदीत डुंबून आलंय हे पक्कं. केस उन्हात वाळवता येतात, चड्डी दगडावर सुकवता येते. पण नदीचं पाणी अंगावर वाळलं की कातडी कोरडी पडते आणि रेघ सगळं सांगून टाकते. मग चप्पल, मग रडारड आणि शेवटी तेच ठरलेलं वाक्य : “नदीपे नक्को जाव बोल्या था ना?”

आम्हीही शहाणे झालो. एका दोस्ताच्या घरामागे खोबरेल तेलाची बाटली लपवून ठेवली. नदीवरून परत येताना हातापायांना तेल लावायचं, मगच घरी जायचं. तेलावर रेघ उमटत नाही.

आमच्या गावाचं जुनं नावच मुळी घोडनदी. पुण्या-नगरच्या एसटीत आजही म्हातारी माणसं ‘घोडनदीचं एक द्या’ म्हणून तिकीट मागतात. गावाच्या नावात नदी आणि गावातल्या पोरांना नदी बंद, असा सगळा प्रकार होता. आता मी बत्तिशीला आलो आहे, मला सहा वर्षांची मुलगी आहे आणि परवा माझ्याच तोंडून तेच वाक्य निघालं. त्यावरून हे लिहायला बसलो.

२००८ चा मे. नववीची परीक्षा संपली होती. आम्ही चौघे सायकलींवर घोडेच्या एका बंधाऱ्यावर गेलो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुम्ही पाहिलाच असेल : ओळीने दगडी खांब आणि खांबांमधल्या गाळ्यांत पावसाळ्यानंतर बसवलेले लोखंडी ढापे. ढापे बसवले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि शेतीच्या मोटारी चालतात. त्या दिवशी खालच्या गावांना पाणी सोडायचं म्हणून दोन गाळ्यांचे ढापे काढलेले होते. वरून बघताना पाणी तळ्यासारखं निपचित. मी मुटका मारला, वर आलो, हसलो आणि दोन-चार हात मारले तेव्हा लक्षात आलं की मी जिकडे जातोय तिकडे मला जायचंच नाहीये. पृष्ठभाग शांत होता. ओढ खालून होती आणि ती थेट उघड्या गाळ्याकडे होती. माझे पाय आधी गेले. खांबाची कड हाताला लागली म्हणून तेवढ्यावर थांबलो.

काठावर दोस्त ओरडत होते. एकाने शर्ट काढायला घेतला. पलीकडे जाळं दुरुस्त करत बसलेले एक भोई काका होते, ते त्याच्यावर असे खेकसले की तो जागीच थांबला : “उडी टाकू नको रे, दोघंही जाल!” मग त्यांनी दोर बांधलेली ट्रकच्या टायरची ट्यूब माझ्याकडे फेकली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा माझ्या कोपराला लागली. “पाय वर घे, पाठीवर पड” एवढंच ते म्हणत राहिले आणि मला तिरकं काठाकडे ओढून घेतलं.

मी थरथरत बसलो असताना त्यांनी विचारलं, “दार उघडं असलं की वरच्या अंगाला उतरायचं नसतं, कुणी सांगितलं नाही का?”

कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त ‘जाऊ नको’.

आम्ही चौघांनी शपथ घेतली की ही गोष्ट कुणालाही सांगायची नाही. तेल लावलं, घरी गेलो. नख फिरलं, रेघ उमटली नाही.

तीन वर्षांनी दौंडहून फोन आला. दौंड माझं आजोळ. मामू रेल्वेत होते आणि त्यांचा मोठा मुलगा माझ्यापेक्षा वर्षाने लहान. सुट्टीत तो शिरूरला यायचा नाहीतर मी दौंडला जायचो. तो एप्रिलमध्ये भीमेवर गेला होता. सोबतचा मुलगा गुडघाभर पाण्यातून चालता चालता एकदम नाहीसा झाला. तिथे वाळूचा खड्डा होता. माझ्या भावाला पोहता येत होतं, म्हणून त्याने उडी टाकली. बुडणाऱ्याने त्याच्या गळ्याला मिठी मारली. जवळच्या मासेमाऱ्यांनी बांबू पुढे केला तो त्या मुलाच्या हाती लागला आणि तो वाचला. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला.

जनाजाला मी खांदा दिला. कबरीवर माती टाकताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. उडी टाकायची नसते, काहीतरी फेकायचं असतं, हे मला तीन वर्षांपासून माहीत होतं. या तीन वर्षांत आम्ही किती रात्री गच्चीवर गप्पा मारत झोपलो असू. क्रिकेट, सिनेमा, मुली, सगळं बोललो. ही एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, कारण ती सांगितली असती तर मी नदीवर गेलो होतो हे सांगावं लागलं असतं आणि ते फिरत फिरत अम्मीपर्यंत गेलं असतं.

माझं म्हणणं काय आहे ते इथेच सांगून टाकतो. आपल्या घरांमधल्या बंदीने पोरं पाण्यावर जायची थांबत नाहीत. ती लपून जातात. लपून जायचं तर जिथे माणसं नाहीत तिथे जावं लागतं, म्हणजे जिथे ट्यूब फेकायला कुणी नसतं. आणि मरता मरता वाचलेला पोरगा गप्प बसतो, त्यामुळे त्याला जे कळलं ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडत नाही. प्रत्येक पोरगा सुरुवातीपासून शिकतो आणि काही जण पहिल्याच धड्यात जातात.

मय्यतीच्या घरी त्या रात्री येणारा प्रत्येक जण मामीला सांगत होता की बुडून जाणाऱ्याला शहीदाचा दर्जा आहे. ही हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे आणि त्या बाईला तेवढ्या एका गोष्टीने उभं ठेवलं हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिलाशाबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. माझी तक्रार चाळिसाव्यानंतरची आहे. चाळिसावा झाला, बिर्याणी झाली आणि तो खड्डा तिथे कसा आला हे कुणीच विचारलं नाही. मौत लिहिलेली होती, विषय संपला. भीमेतून बोटी लावून वाळू उपसतात हे दौंड-शिरूरमध्ये शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. तहसीलदारांचं पथक येतं, बोटी जिलेटिनने उडवून देतं, पेपरात फोटो येतो, काही दिवसांनी दुसऱ्या बोटी येतात. वाळू गेली की खाली उरतो दोन-तीन पुरुष खोल खड्डा. त्याच्या कडा सैल असतात आणि वरून पाणी सपाट दिसतं. तो खड्डा काही आकाशातून पडलेला नाही. आणि खरं बोलायचं तर त्या वाळूवर चालणारे डंपर सगळ्या जातीधर्मांच्या माणसांचे आहेत, आपल्याही. उंट बांधायची गोष्ट आपण दर दुसऱ्या बयानात ऐकतो. नदीकाठी मात्र तो दोर कुणाच्याच हातात नसतो.

हे फक्त माझ्या घरचं दुःख असतं तर मी ते मासिकात आणलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीत बुडाले. त्यांत आपल्या समाजातल्या मुली होत्या, मुलं होती. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना धरून मधल्या खडकावर उभे असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ आपल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर आला होता. त्याखाली मी वाचलेल्या प्रतिक्रियांमध्ये दोनच सूर होते : ‘कशाला गेले होते?’ आणि ‘इन्ना लिल्लाही’. वर डोंगरात पाऊस पडला की खालच्या ओढ्याचं पाणी काही मिनिटांत गुडघ्यावरून कमरेला येतं, गढूळ होतं, त्यात काटक्या-पालापाचोळा दिसायला लागतो आणि ते दिसताच आहे त्या क्षणी काठावर यायचं असतं, हे त्या प्रतिक्रियांमध्ये मला कुठे दिसलं नाही. प्रशासनाने मनाई आदेश काढला. म्हणजे अम्मीचंच वाक्य, सरकारी शिक्क्यासह.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात बुडून गेलेल्यांची संख्या ३८ हजारांच्या वर आहे. मध्य प्रदेशानंतर दुसरा क्रमांक महाराष्ट्राचा. जगात दर वर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतली दहापैकी नऊ आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. म्हणजे पोहायला शौक म्हणून जाणाऱ्यांपेक्षा पाण्याच्या शेजारी राहणारी माणसं जास्त मरतात. धुणं धुणारी बाई, म्हशी धुणारा पोरगा, शेततळ्यावर मोटार चालू करायला गेलेला बाप.

आपलं पाणी आपल्याला कळत नाही, ही मला सगळ्यात लाजेची गोष्ट वाटते. शिरूर तालुक्यात घोडेच्या काठावर इनामगाव आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथे खोदाई केली आणि तिथे पाण्याचा पाट आणि पुराचं पाणी अडवणारा बांध सापडला. (खोदाईच्या अहवालावर सांकलिया आणि ढवळीकरांच्या सोबत झैनुद्दीन अन्सारी यांचं नाव आहे. आपल्या पोरांना हे नाव माहीत असायला हरकत नाही.) साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला या नदीचं पाणी कधी आणि कुठून घुसेल याचा अंदाज होता. आपल्याकडे मोबाइलवर विसर्गाचे आकडे येतात, तरी आपल्याला तो नाही.

दौंडचंच बघा. जुलै-ऑगस्टमध्ये सोलापूरपर्यंतच्या पेपरांत रोज ‘दौंडचा विसर्ग’ छापून येतो, कारण मुळा-मुठेचं, घोडेचं, वरच्या भीमेचं सगळं पाणी दौंडजवळून पुढे उजनीत जातं. उजनी किती भरणार हे दौंडच्या आकड्यावरून ठरतं. सोलापूरचा शेतकरी तो आकडा डोळ्यांत तेल घालून वाचतो. दौंडच्या नदीकाठच्या पोराला मात्र क्युसेक म्हणजे काय ते माहीत नसतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. ५० हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला १४ लाख लिटर. आणि हे पाणी तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही येतं. दौंडला कडक ऊन पडलेलं असताना खडकवासल्यातून सोडलेलं पाणी येऊन पोहोचतं. सकाळी ज्या खडकावर कपडे ठेवले, तो खडक दुपारी दिसत नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ‘काल याच पाण्यातून गेलो होतो’ हा हिशोब नदीत चालत नाही.

बंधाऱ्याचं मी वर सांगितलं ते वरच्या अंगाचं. खालचं अंग त्याहून फसवं असतं. भिंतीवरून पाणी पडतं तिथे ते पायथ्याशी गोल फिरतं आणि पृष्ठभागावरचं पाणी परत भिंतीकडे येतं. त्यात सापडलेला माणूस बाहेर ढकलला जात नाही, पुन्हा पुन्हा धारेखाली ओढला जातो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते पाणी तुम्हाला नीट तरंगतही ठेवत नाही. रील काढायला मुलं नेमकी तिथेच उभी राहतात.

कालव्याचं वेगळं. खडकवासल्याचा कालवा दौंड तालुक्यातून जातो, चासकमानचा शिरूरमध्ये. आवर्तन सुटलं की पोरांना तो मोठ्ठा स्वीमिंग टँक वाटतो. उतरायला सोपा, बाहेर यायला अवघड, कारण अस्तरीकरण केलेल्या तिरक्या भिंतीवर शेवाळ असतं आणि बोटं अडकवायला काहीच नसतं. पाणी चालत राहतं आणि पुढे कुठेतरी जमिनीखालची मोरी असते. कालव्यात पडलात तर प्रवाहाच्या उलट पोहू नका. पाय पुढे करून पाठीवर तरंगा आणि हळूहळू कडेला सरकत पायऱ्या, पूल, लोंबती फांदी, असं काहीतरी गाठा.

आणि शेततळं. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ मध्ये आली आणि दुष्काळी गावांना तिचा उपयोगही झाला. पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं, ३ मीटर खोल, उतरत्या काठाचं तळं म्हणजे पाय घसरला की वर येण्याची सोय नसलेली जागा. पट्टीचा पोहणाराही त्या बुळबुळीत कागदावरून वर चढू शकत नाही, दमून बुडतो. मुलगा पडला म्हणून आई उतरली, आई दिसेना म्हणून बाप उतरला, अशा बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. यावरचा उपाय हास्यास्पद स्वस्त आहे : चारही बाजूंना झाडाला किंवा खुंटीला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यात सोडून ठेवायचा, आणि भोवती कुंपण. ज्यांच्या घरी शेततळं आहे त्या वाचकांनी हा लेख इथेच थांबवून दोर बांधून यावा. बाकीचा लेख कुठे जात नाही.

आता वाचवण्याबद्दल. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ‘बचाव बचाव’ ओरडत नाही. त्याला ओरडायला श्वासच नसतो. तो पाण्यात उभा असतो, डोकं मागे टाकलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत असल्यासारखे. तो हात हलवून बोलवत नाही, आणि हे सगळं एखाद्या मिनिटाच्या आत संपतं. म्हणून बरोबरचा पोरगा एकदम गप्प झाला तर आधी त्याच्याकडे बघा.

आणि उडी टाकू नका. पोहता येत असेल तरी टाकू नका. माझ्या भावाला पोहता येत होतं. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो, मग तो सख्खा भाऊ का असेना. ओरडून माणसं जमवा, काठी किंवा बांबू पुढे करा, दोर फेका, रिकामा तेलाचा डबा, झाकण लावलेला पाण्याचा कॅन, ट्यूब, काहीही तरंगणारं फेका. २०२० च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात धरणावर धुणं धुणाऱ्या तीन बायकांनी चार बुडणाऱ्या मुलांपुढे अंगावरच्या साड्या सोडून फेकल्या. दोघे वाचले. लाजेचा विचार करत बसल्या असत्या तर चौघेही गेले असते. आपल्या बायकांच्या अंगावर अडीच मीटरची ओढणी असते. दोन ओढण्यांची गाठ मारली की पाच मीटरचा दोर होतो.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गोल फिरवणं, हे सगळं मी दौंडच्या काठावर लोकांना करताना पाहिलेलं आहे. त्याने फक्त वेळ जातो. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा जोरात दाबा, २ श्वास, पुन्हा ३०. कुणीतरी तेवढ्यात १०८ ला फोन करा. आणि शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग पाण्यावर न गेलेलंच बरं. नाही. पोहायला न येणारा माणूस पाण्याकाठच्या गावात सगळ्यात धोक्यात असतो. बांगलादेशात, म्हणजे पाण्यानेच वेढलेल्या आणि आपल्यासारख्याच आया-बायांच्या देशात, गावातल्या तळ्यांमध्ये बांबूचा मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवलं गेलं. पदकासाठी नाही. अट अशी की मुलाला २५ मीटर पोहता आलं पाहिजे, ३० सेकंद तरंगता आलं पाहिजे आणि काठावरून दुसऱ्याला वाचवता आलं पाहिजे. तिथल्या अभ्यासात शिकलेल्या मुलांमध्ये बुडण्याचं प्रमाण ९० टक्क्यांहून जास्त घटलेलं दिसलं. त्यात मुलीही होत्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडणं रोखण्याचा दिवस ठरवला, तो ठराव पुढे नेणाऱ्या दोन देशांपैकी एक बांगलादेश होता.

मुलींचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा कपड्यांवर येऊन थांबते. मला ती चर्चा नको आहे, कारण तिचं उत्तर सोपं आहे : सलवार-कमीजमध्येच शिकवा. मुलगी शेततळ्यात पडेल तेव्हा कपड्यांतच पडेल. शिकवायला बाई असू द्या, वेळ वेगळी ठेवा, विहिरीला आडोसा करा. यातली कुठलीच गोष्ट अशक्य नाही. अशक्य वाटतं ते आपल्याला, कारण मुलीला पोहायला येण्याची गरज आपण कधी मान्यच केलेली नाही.

गेल्या वर्षीपासून आम्ही सहा-सात जण शिरूरच्या बाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीवर रविवारी सकाळी मुलांना शिकवतो. विहिरीला पायऱ्या आहेत. पाणी उन्हाळ्यात दीड पुरुष. मुलं उतरण्याआधी मोटारीचा फ्यूज काढून तो आमच्यापैकी एकाच्या खिशात ठेवायचा हा पहिला नियम, कारण मोटारीचा करंट पाण्यात उतरून माणसं गेलेली आहेत. पाठीला रिकामा डबा, कमरेला कासरा, कासऱ्याचं टोक मोठ्या माणसाच्या हातात. जुन्या लोकांनी असंच शिकवलं होतं. पहिले दोन रविवार पोहणं नाहीच, फक्त पाठीवर पडून आकाश बघायचं. पोरांना ते फार कंटाळवाणं वाटतं. बाजी, म्हणजे माझी थोरली बहीण, आता मुलींना घेते. चार मुली आहेत, त्यांतली एक माझी.

मोहल्ल्यातल्या एका कमिटीकडे आम्ही साधी मागणी घेऊन गेलो होतो : एक हवा भरलेली ट्यूब आणि पन्नास फूट दोर मशिदीच्या आवारात टांगू द्या, आणि पावसाळ्यात जुम्याच्या ऐलानात विसर्गाचा आकडा सांगा. एका बुजुर्गांनी विचारलं, “मस्जिद है के तैराकी का क्लब?” त्यांचं मी मनाला लावून घेतलं नाही. विसर्जनाच्या दिवशी घाटावर जीवरक्षक असतात, दोर असतात, ट्यूब असतात, आपल्यातलीही पोरं तिथे मदतीला उभी असतात. दुसऱ्या दिवशी घाट तोच, पाणी तेच आणि काठावर काहीच नसतं. सध्या बकरी ईद मे-जूनमध्ये येते. बासी ईदला पोरांच्या टोळ्या गाड्यांवर तिबल सीट धरणांकडे निघतात, पोटात बिर्याणी आणि अंगात नवे कपडे. कुठल्या घाटावर कोण उभं आहे त्यांच्यासाठी? दुसऱ्या एका जमातीने ट्यूब टांगायला जागा दिली, चपलांच्या रॅकशेजारी. तिची हवा हळूहळू जाते. दर गुरुवारी एक पोरगा ती पंक्चरवाल्याकडे नेऊन भरून आणतो.

विहिरीवर शिकवून झालं की आम्ही काठावर बसून पोहे खातो आणि तेव्हा एक नियम आहे : कुणी पाण्यात मरता मरता वाचलं असेल तर सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने ‘गेलास कशाला’ असं म्हणायचं नाही. पहिल्यांदा मी माझी बंधाऱ्याची गोष्ट सांगितली. अम्मीला त्याआधी आठ दिवस सांगितली होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “तेल लगाके आता था, मालूम था मेरे कू.”

मागच्या रविवारी अकरा वर्षांच्या एका मुलाने सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत तो मावशीच्या गावी कालव्यात पडला होता, बराच वाहत गेला आणि एका बाईने काठावरून धुण्याची काठी पुढे केली म्हणून बाहेर आला. त्याच्या घरी हे माहीत नाही. तो म्हणाला, अब्बा मारतील. मी त्याला म्हटलं, आपण दोघं मिळून सांगू. या रविवारी पोहणं झाल्यावर मी त्याच्यासोबत त्याच्या घरी जाणार आहे.